आठवणीत न उरणारा प्रवास

अमेरिकेत राहणारं मराठी कुटुंब लहान मुलांना घेऊन लांबच्या रोडट्रिपला निघालं की एक आक्षेप हमखास येतो. पुण्या-नाशिकहून व्हिडिओ कॉलवर आजी तो घेते, ऑफिसातले सहकारी घेतात आणि पुष्कळदा आईबापही मनातल्या मनात घेतात. लॉस एंजेलिसहून ग्रँड कॅन्यनचा दक्षिण कडा जवळजवळ 500 मैलांवर आहे. बार्स्टो, नीडल्स, किंगमन, विल्यम्स अशी गावं मागे टाकत, मोहावीच्या वाळवंटातून आठ तास गाडी चालवायची. मागच्या सीटवर दीड वर्षाचं बाळ आणि चार वर्षांची त्याची ताई. कॅलिफोर्नियाच्या कायद्याने दोन वर्षांखालच्या मुलाची कार सीट मागे तोंड करून बसवावी लागते, त्यामुळे बाळाला सबंध रस्ताभर सीटची पाठ आणि खिडकीतला आकाशाचा तुकडा तेवढा दिसणार. कड्यावर पोचल्यावरही त्याची नजर कठड्यावरच्या खारीवर खिळणार, मैलभर खोल दरीवर नाही. आणि मोठेपणी त्याला यातलं काहीच आठवणार नाही. मग हा खटाटोप कुणासाठी? प्रश्न वरवर खर्चाचा आणि सोयीचा दिसतो. पण त्याच्या तळाशी एक जुना तात्त्विक प्रश्न आहे: एखाद्या अनुभवाचं मोल तो पुढे आठवण्यावर अवलंबून असतं का? माझं उत्तर ठामपणे 'नाही' असं आहे. मात्र हे उत्तर एकदा मान्य केलं की त्यातून आईबापांवर एक जबाबदारी येते, आणि ती हलकी नाही.

आक्षेपामागची वस्तुस्थिती आधी पूर्णपणे मान्य केली पाहिजे, कारण ती खरी आहे. आयुष्याच्या पहिल्या काही वर्षांतलं आपल्याला जवळजवळ काहीच आठवत नाही, याकडे फ्रॉइडने लक्ष वेधलं होतं. नंतरच्या अनेक अभ्यासांत प्रौढांची सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन-साडेतीन वर्षं वयाची निघाली आहे. पॅट्रिशिया बावर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन वर्षांच्या मुलांशी नुकत्याच घडलेल्या प्रसंगांबद्दल बोलून ठेवलं आणि काही वर्षांनी पुन्हा तेच प्रसंग विचारले. पाच ते सात वर्षांच्या वयात मुलांना त्यांतले साठ टक्क्यांहून अधिक प्रसंग आठवत होते. आठव्या-नवव्या वर्षी हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या खाली आलं. म्हणजे लहान मूल लक्षातच ठेवत नाही असं नव्हे, ते लक्षात ठेवतं आणि मग ते पुसलं जातं. 2014 साली उंदरांवर झालेल्या प्रयोगांतून याचं एक संभाव्य कारणही पुढे आलं. मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागात बालवयात नव्या पेशी झपाट्याने तयार होत असतात, आणि ही नवी बांधणीच जुन्या नोंदी विस्कटून टाकते. तेव्हा 'ताईला तरी आठवेल' या आशेवरही फार विसंबून राहता येत नाही. बाळाच्या बाबतीत तर आठवणीचा मुद्दा सरळ सोडून द्यावा.

पण आठवण नाही म्हणून मोल नाही, हे कुठून आलं? डॅनिएल काहनेमन यांनी या प्रश्नाला एका काल्पनिक प्रयोगाचं रूप दिलं आहे. समजा, सहलीच्या शेवटी तुमचे सगळे फोटो नष्ट होणार आहेत आणि एक औषध घेऊन सहलीची संपूर्ण आठवण पुसली जाणार आहे. तरीही तुम्ही हीच सहल निवडाल का? काही लोक म्हणतात, मग जायचंच कशाला. काहनेमन यांच्या मते हे उत्तर देणारा माणूस आपल्यातल्या अनुभवणाऱ्याला बाजूला सारून आठवणाऱ्याला मालक करून टाकतो. मला हे निदान अचूक वाटतं आणि ते मोठ्यांच्या आयुष्यालाही लागू आहे. आपल्या आयुष्यातल्या बहुतेक दुपारी, बहुतेक जेवणं, बहुतेक संभाषणं आपण साफ विसरलो आहोत. विसरलेलं ते सारं वाया गेलेलं, असं मानायचं ठरवलं तर वाया न गेलेलं आयुष्य एखाद्या महिन्यात मावेल. जॉन लॉकने आपल्या ग्रंथाच्या 1694 च्या आवृत्तीत माणसाची ओळख त्याच्या स्मरणाशी जोडली, आणि त्या हिशेबाने दीड वर्षाचं बाळ आणि त्याच देहातला पुढचा तिशीतला माणूस या दोन वेगळ्या व्यक्ती ठरतात. टॉमस रीडने पुढे या कल्पनेतली विसंगती दाखवली. पण लॉकचं म्हणणं जसंच्या तसं मानलं तरी निष्कर्ष आक्षेपाच्या विरुद्धच जातो. ती वेगळी व्यक्ती असेल, तर तिच्या आनंदाला पुढे येणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या आठवणीचं तारण कशाला हवं? खार पाहून जो हसला त्याचं हसणं त्या क्षणी पुरतं खरं होतं.

आपल्या परंपरेने हा प्रश्न युक्तिवादात मांडण्याआधी आचारात सोडवलेला दिसतो. बारसं, उष्टावण, जावळ ही सगळी कार्यं ज्याची असतात त्याला ती कधीच आठवत नाहीत. बाळाला घेऊन तुळजापूरला किंवा जेजुरीला जायचं, पायऱ्या चढायच्या, रांगेत उभं राहायचं आणि त्याला देवाच्या पायावर घालायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं आहे. 'त्याला कळायला लागल्यावर नेऊ' असं म्हणून जावळ कुणी दहाव्या वर्षापर्यंत थांबवत नाही. यावर कुणी म्हणेल की ही कार्यं बाळासाठी नसतातच, ती कुळासाठी असतात, नातेवाइकांसाठी असतात, नवस फेडणाऱ्या आईबापांसाठी असतात. यात तथ्य आहे. तरीही त्या साऱ्या खटाटोपाच्या मध्यभागी बाळच असतं. त्याच्या नावाने गाव जमतं, त्याच्याभोवती रांग सरकते, आणि जमलेल्यांना हे पक्कं ठाऊक असतं की याची आठवण वाहण्याचं काम आपलं आहे, त्याचं नव्हे. आठवण एकाच डोक्यात असली पाहिजे, ही अटच या आचारात नाही. परदेशातल्या कुटुंबाला हे गाव उपलब्ध नसतं. चार माणसांची गाडी एवढंच त्याचं गाव, आणि त्या दृष्टीने मला रोडट्रिप ही निव्वळ चैन वाटत नाही.

आठवणीशिवाय काही मागे राहतं का, याचाही विचार आपल्या दर्शनांनी बारकाईने केला आहे. न्यायदर्शनात अनुभव आणि स्मृती यांच्या मध्ये संस्कार नावाची एक पायरी मानली आहे. अनुभव संस्कार सोडून जातो आणि तो जागा झाला तर स्मृती होते. जागा झाला नाही तर स्मृती होत नाही, पण म्हणून संस्कार नव्हताच असं ठरत नाही. योगदर्शनही स्मृतीला चित्ताची एक वृत्ती मानतं आणि संस्कारांना त्या वृत्तींच्या खाली वस्ती देतं. याहून नेमका संदर्भ न्यायसूत्रांत आहे. नुकत्याच जन्मलेल्या बाळाला हर्ष, भय, शोक होतो, या निरीक्षणावरून सूत्रकार गौतमाने आत्म्याचं पूर्वास्तित्व सिद्ध करायचा प्रयत्न केला. प्रतिपक्ष म्हणतो, कमळ उमलतं आणि मिटतं तसंच हे असेल. गौतमाचं उत्तर असं की कमळाचं उमलणं-मिटणं ऊन, थंडी, पाऊस यांच्यामुळे होतं, बाळाच्या हर्षाला तसं बाहेरचं कारण दाखवता येत नाही. पूर्वजन्माचा निष्कर्ष मान्य करण्याची इथे गरज नाही, आणि मी तो या युक्तिवादासाठी वापरतही नाही. मला महत्त्वाची वाटते ती गौतमाची रीत. बाळ जे सांगू शकत नाही त्याचा माग त्याच्या वागण्यातून काढायचा.

आधुनिक मानसशास्त्राने नेमकी हीच रीत वापरली. कॅरोलिन रोवी-कॉलिअर यांनी पाळण्यावर टांगलेलं खेळणं रिबिनीने बाळाच्या पायाला बांधलं. पाय झाडला की खेळणं हलतं, हे तीन महिन्यांच्या बाळांनी शिकून घेतलं आणि काही दिवसांनी तेच खेळणं दिसताच ती पुन्हा पाय झाडू लागली. सहा महिन्यांच्या बाळांनी ते आणखी जास्त दिवस टिकवलं. मोठ्या माणसाच्या बाबतीतला प्रसिद्ध दाखला हेन्री मोलेसन यांचा. 1953 च्या मेंदूच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना नवी आठवण ठेवता येईना. ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांना आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली. दिवसागणिक त्यांचा हात सफाईदार होत गेला, पण हे काम आपण पूर्वी केलं आहे हे मात्र त्यांना प्रत्येक वेळी ठाऊक नसायचं. या पुराव्यांवरून ग्रँड कॅन्यन पाहिलेलं मूल धीट किंवा निसर्गप्रेमी होतं असा निष्कर्ष कुणी काढू नये. एका सहलीचा एवढा परिणाम सिद्ध करता येणार नाही आणि तशी गरजही नाही. एवढंच म्हणता येतं की 'आठवत नाही, म्हणजे काहीच झालं नाही' हे वाक्य पुराव्याला धरून नाही.

आता त्या जड जबाबदारीकडे येऊ. 'त्याला काय आठवणार आहे' हे वाक्य सहल टाळण्यासाठी वापरलं जातं, तसंच मुलाचे हाल खपवून घेण्यासाठीही वापरलं जातं. रडतंय, रडून झोपेल, उद्या विसरेल. या विचारसरणीने एकदा फार मोठी चूक केली आहे आणि तीही भल्या हेतूच्या माणसांकडून. 1980 च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी नवजात बाळांवरच्या शस्त्रक्रिया अगदी जुजबी भूल देऊन होत असत. इतक्या लहान जिवाला भूल मानवणार नाही ही भीती खरी होती. पण तिच्या जोडीला एक समजही होता की बाळाला वेदना पुरती जाणवत नाही आणि जाणवली तरी ती त्याच्या लक्षात राहत नाही. भारतात वैद्यकी शिकलेले कंवलजीत आनंद यांनी ऑक्सफर्डमध्ये काम करताना हा समज तपासून पाहिला. 1987 साली 'लॅन्सेट'मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की अपुऱ्या दिवसांच्या बाळांना शस्त्रक्रियेच्या वेळी नीट वेदनाशामक दिलं तर त्यांच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि नंतरची गुंतागुंतही कमी होते. दहा वर्षांनी टोरंटोच्या ॲना टॅडिओ यांच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. जन्मानंतर लगेच, बधिर करणारं मलम न लावता सुंता झालेले मुलगे चार-सहा महिन्यांनी लस टोचताना इतरांपेक्षा अधिक कळवळत होते. त्या वेदनेची आठवण त्यांतल्या कुणालाही कधी होणार नाही.

तेव्हा आनंदाच्या बाजूने जो न्याय लावला तोच त्रासाच्याही बाजूने लावला पाहिजे. कड्यावरचं हसणं आठवणीशिवाय खरं असेल, तर किंगमनच्या आसपासचं अर्ध्या तासाचं रडणंही तेवढंच खरं आहे. पुढे मिळणाऱ्या 'सुंदर आठवणीं'तून त्याची भरपाई होत नाही, कारण ज्याने सोसलं त्याला त्या आठवणी मिळणारच नाहीत. याचा अर्थ गाडी हलवूच नये असा नाही. रडणं घरीही असतं, आणि मुलाचा प्रत्येक क्षण सुखाचा करणं कुणालाच जमलेलं नाही. अर्थ एवढाच की आठ तासांचा टप्पा एका दमात गाठण्याची मोठ्यांची ईर्षा आणि बाळाच्या पाठीला लागलेली रग या दोन गोष्टी एकाच तराजूत ठेवाव्या लागतात. दर दोन तासांनी रेस्ट एरियात थांबणं, सूर्यास्त चुकला तर चुकू देणं, मेतकूट-भाताचा डबा गरम करण्यासाठी वेळापत्रक मोडणं ही मग सवलत उरत नाही. ते देणं ठरतं. रोडट्रिपच्या गप्पांत मैल फार मोजले जातात, आणि मुलांच्या वाट्याला आलेले तास फार कमी. मला हे मनापासून खटकतं.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप असा: क्षणाचंच मोल असेल तर खार घराजवळच्या बागेतही दिसते, मग 500 मैल कशाला? बाळापुरतं बोलायचं तर आक्षेप बरोबर आहे. बाळाला दरीची गरज नाही. पण गाडीत बाळ एकटं नसतं. दोघंही आईबाप नोकरी करणारे, मूल सकाळी साडेसातला डेकेअरमध्ये, संध्याकाळी आंघोळ-जेवण-झोप, आणि मदतीला आजी-आजोबा व्हिसाच्या मुदतीपुरतेच. अशा घरात चौघांनी सलग काही तास एकत्र असण्याची जागा फार थोडी असते. बागेत फोन वाजतो, घरात कपडे धुवायचे असतात. लांबचा रस्ता मोठ्यांना इतर कामांपासून सोडवतो, आणि मुलांना मिळते ती मुख्यतः मोकळी झालेली आई, मोकळा झालेला बाप. दरी मोठ्यांसाठी असते आणि मुलं ती दरी पाहणाऱ्या मोठ्यांचे चेहरे पाहतात. आईबापांचा स्वतःचा आनंद यात मिसळलेला असला तर त्याने काही बाटत नाही. जेजुरीच्या पायऱ्या चढणाऱ्या आईलाही खंडोबाच्या दर्शनाची स्वतःची ओढ असतेच.

त्या आनंदात मोठ्यांनी कशाकडे पाहावं, याबद्दल एक गोष्ट इथे सांगावीशी वाटते. दक्षिण कड्याच्या पूर्व भागातून एक मनोऱ्यासारखं शिखर दिसतं, त्याचं नाव विष्णू टेंपल. ब्रह्मा आणि शिवा टेंपलही आहेत. अशी नावं देण्याची प्रथा क्लॅरन्स डटन या भूगर्भशास्त्रज्ञाच्या 1880 च्या आसपासच्या कामातून आली. दरीच्या तळाशी असलेल्या, सुमारे 170 कोटी वर्षं जुन्या खडकालाही विष्णूचंच नाव आहे. मराठी प्रवासी हे वाचून सुखावतो आणि मुलांना 'बघ, आपला देव इथेही' असं सांगून मोकळा होतो. मला वाटतं, इथे थोडं थांबावं. शिखरांची रूपं पूर्वेकडच्या मंदिरांसारखी भासली म्हणून अमेरिकन माणसांनी दिलेली ती नावं आहेत. त्या दरीत ज्यांची श्रद्धा पिढ्यान्‌पिढ्या वसते आहे, ते वेगळे लोक आहेत. होपी लोक आपल्या पूर्वजांचं या जगातलं आगमन याच दरीशी जोडतात. हवासुपाई आजही दरीच्या आत राहतात, आणि त्यांच्याकडून गेलेल्या जमिनीचा मोठा भाग त्यांना 1975 च्या कायद्याने परत मिळाला. आपण तिथे पाहुणे आहोत, हे चार वर्षांच्या मुलीलाही सांगता येतं आणि ते ती विसरली तरी सांगण्यासारखंच आहे.

विसरण्याचा विषय निघालाच आहे, तर आणखी एक पुरावा विचारात घेतला पाहिजे. सगळी मुलं सारखी विसरत नाहीत. रॉबिन फिवूश आणि इलेन रीस यांच्या अभ्यासांत दिसलं की ज्या आया मुलांशी झालेल्या गोष्टींबद्दल ऐसपैस बोलतात, 'मग काय झालं, तुला काय वाटलं' असं विचारत राहतात, त्यांची मुलं पुढे अधिक भरीव आठवणी सांगतात. न्यूझीलंडमधल्या ओटागो विद्यापीठाच्या एका अभ्यासात माओरी प्रौढांची सर्वांत जुनी आठवण इतरांपेक्षा लहान वयातली, साधारण अडीच वर्षांच्या सुमाराची निघाली, आणि संशोधकांनी त्याचा संबंध भूतकाळाला महत्त्व देणाऱ्या त्यांच्या संस्कृतीशी लावला. परदेशातल्या मराठी घरात हे बोलणं कोणत्या भाषेत होतं, याला म्हणूनच वजन आहे. डेकेअरचा दिवस मूल इंग्रजीत जगतं आणि इंग्रजीत सांगतं. चौघांनी मिळून घेतलेला अनुभव मात्र घरच्या भाषेत सांगितला जाऊ शकतो, कारण त्याचे साक्षीदार सगळे घरचेच असतात. यावर कुणी म्हणेल, अशी सांगून-सांगून तयार झालेली आठवण खोटी. ती उसनी असेल, खोटी नाही. आपल्या जन्माची, बारशाची, पहिल्या पावलाची आपली माहिती सगळी अशीच उसनी असते आणि तिच्यावाचून आपण स्वतःला ओळखूही शकणार नाही. फोटोंबद्दल मात्र मी इतकी उदार होऊ शकत नाही. पुढे दाखवण्यासाठी म्हणून थकलेल्या मुलाला कड्यापाशी पुन्हा पुन्हा हसायला लावणं म्हणजे त्याच्या हातातली दुपार काढून घेऊन एका न जन्मलेल्या प्रेक्षकाला देणं.

शेवटी एक प्रश्न उरतो. इतका खर्च, इतका रस्ता, आणि मुक्काम गाठलाच नाही तर? समजा, विल्यम्सला पोचेपर्यंत बाळाच्या अंगात ताप भरला. कडा तिथून साठ मैल. नवसाच्या यात्रेत दर्शन झाल्याशिवाय यात्रा पुरी होत नाही, आणि नवस बोलणाऱ्याने ते बंधन आपणहून घेतलेलं असतं. या प्रवासात बाळाने काहीही कबूल केलेलं नाही, आणि त्याला मिळायचं ते वाटेतच मिळत आलेलं आहे: ताईशी लपाछपी, रेस्ट एरियातली वाळू, बापाच्या खांद्यावरून दिसलेली मालगाडी. तेव्हा विल्यम्समध्येच खोली घ्यावी, डॉक्टर शोधावा, आणि ताप उतरल्यावर बाळाची तब्येत पाहून पुढे जायचं की परत फिरायचं ते ठरवावं. परत फिरलं तर घरी विचारणाऱ्यांना सरळ सांगावं की आम्ही विल्यम्सला गेलो होतो.